पालिकेचं, सरकारी की ट्रस्टचं? मुंबईत पेशंटला हॉस्पिटलमध्ये नेण्याआधी आणि नेल्यावर

मुंबईत घर असलं की गावाकडचा फोन ठरलेला: "काकांच्या पायाची जखम भरत नाही, तालुक्याला सांगितलंय मुंबईला न्या. केईएमला ओळख आहे का कुणाची?" ओळखीवाचून सगळं अडतं हा समज फार जुना आहे आणि बराचसा चुकीचा. ओळखीने फार तर रांगेतली चार माणसं पुढे सरकतात. कोणत्या हॉस्पिटलला, कोणत्या दिवशी, कोणते कागद घेऊन जायचं हे माहीत असेल, तर अख्खी खेप वाचते. आणि त्याहीआधी एक गोष्ट माहीत हवी: हॉस्पिटल कोणाचं आहे. योजना लागू होईल का, पैसे कोण माफ करणार, तक्रार कोणाकडे करायची, हे सगळं त्यावरच ठरतं. सुरुवात तिथूनच करू.

मालक कोण

मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांचा सगळ्यात मोठा पसारा महापालिकेचा आहे. त्यात वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली चार मोठी रुग्णालयं येतात: परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक (ज्याला सगळे सायन हॉस्पिटल म्हणतात), मुंबई सेंट्रलचं नायर आणि विलेपार्ल्याचं कूपर. नायरला लागून दंत रुग्णालय आहे, तेही पालिकेचंच. केईएम १९२६ सालचं. त्याच्यासोबत सुरू झालेल्या जी. एस. महाविद्यालयाला देणगी देणाऱ्यांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. नायरचं महाविद्यालय १९२१ चं, असहकाराच्या काळातलं. इतिहास बाजूला ठेवू, पण आजही अवघड केस शेवटी याच चार ठिकाणी येऊन पोचते.

त्यांच्या खाली उपनगरी रुग्णालयं आहेत: घाटकोपरचं राजावाडी, वांद्र्याचं आणि कुर्ल्याचं भाभा, सांताक्रूझचं व्ही. एन. देसाई, मुलुंडचं अग्रवाल, कांदिवलीचं आणि गोवंडीचं शताब्दी, जोगेश्वरीचं ट्रॉमा. त्याशिवाय एकेका आजारासाठीची वेगळी रुग्णालयं आहेत. साथीच्या आजारांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा, क्षयरोगासाठी शिवडी, कुष्ठरोगासाठी वडाळ्याचं ॲकवर्थ, कान-नाक-घशासाठी फोर्टचं, डोळ्यांसाठी कामाठीपुऱ्यातलं.

राज्य सरकारची मोठी रुग्णालयं दक्षिण मुंबईत आहेत: भायखळ्याचं जे. जे. (१८४५ पासूनचं), सीएसएमटीजवळचं सेंट जॉर्ज, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूचं जी. टी. आणि बायका-मुलांसाठीचं कामा. टाटा मेमोरियल या दोघांचंही नाही. १९४१ साली सुरू झालेलं हे कॅन्सर रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. पगारातून ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापला जात असेल तर ईएसआयसीची रुग्णालयं तुमच्या हक्काची आहेत, ती विसरू नका. केईएमशेजारचं वाडिया हे लहान मुलांचं रुग्णालय ट्रस्टचं आहे. जसलोक, लीलावती, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल हीसुद्धा कागदोपत्री धर्मादाय ट्रस्टचीच. तिथे गरिबाला काय मिळू शकतं, ते पैशांच्या भागात सांगतो.

पहिली पायरी: घराजवळचा दवाखाना

ताप, खोकला, बीपी-शुगरच्या गोळ्या, साधी जखम, लसीकरण यासाठी सरळ केईएम गाठणं म्हणजे दिवसाची मजुरी घालवणं. प्रत्येक वॉर्डात पालिकेचे दवाखाने आणि आरोग्य केंद्रं आहेत, गरोदर बायकांसाठी प्रसूतिगृहं आहेत. २०२२ पासून 'आपला दवाखाना' सुरू झाले. ते बऱ्याच ठिकाणी संध्याकाळीही उघडे असतात, त्यामुळे कामावरून सुटल्यावर जाता येतं. त्यांच्याच काही पॉलिक्लिनिकमध्ये ठरलेल्या वारी तज्ज्ञ डॉक्टर बसतात.

इथून सुरुवात करण्याचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. दवाखान्याने दिलेली चिठ्ठी मोठ्या रुग्णालयात हातात असली की कोणत्या विभागात जायचं हा प्रश्नच उरत नाही. "मेडिसिन की सर्जरी?" असं खिडकीवर कोणी विचारलं तर नव्वद टक्के माणसं गोंधळतात आणि चुकीच्या रांगेत उभी राहतात.

टीबीचा संशय असेल तर आरोग्य केंद्रातच थुंकीची तपासणी आणि औषधं, दोन्ही मोफत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी बँक खात्यात दरमहा १००० रुपये येतात (नोव्हेंबर २०२४ पर्यंत हे ५०० होते), मात्र खातं आधारशी जोडलेलं लागतं. पावसाळ्यात तापाची स्लाइडही (मलेरियासाठी रक्ताची तपासणी) आरोग्य केंद्रात फुकट काढतात. गुडघाभर साचलेल्या पाण्यातून चालत घरी आला असाल, पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. ताप यायची वाट बघू नका.

कुत्रा चावला तर आधी घरीच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, टाके घालायची घाई नाही. मग लस. खोल जखम असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन किंवा सीरमही लागतं, आणि ते लहान दवाखान्यात असेलच असं नाही. म्हणून अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयात जा. लसीच्या पुढच्या तारखा कार्डावर लिहून देतात, त्यातली एकही चुकवायची नाही.

इमर्जन्सी असेल तर

१०८ फिरवा. ॲम्ब्युलन्स मोफत आहे आणि बरोबर डॉक्टर असतो. गरोदर बाई आणि नवजात बाळासाठी १०२. ट्रॅफिक बघून टॅक्सी लवकर पोचेल असं वाटलं तर टॅक्सीने जा, पण पाठीला किंवा मानेला मार असेल तर हलवू नका, ॲम्ब्युलन्सची वाट बघा.

अपघाती पेशंटला पोलिसांच्या कागदांसाठी थांबवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलंय, आणि ते खासगी डॉक्टरलाही लागू आहे. अनोळखी जखमीला तुम्ही उचलून आणलं असेल, तर नाव-पत्ता देण्याची किंवा साक्षीदार होण्याची जबरदस्ती तुमच्यावर करता येत नाही. मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आहे. अपघात, भाजणं, विषबाधा, मारामारी या केस एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंदल्या जातात. रुग्णालयातल्या पोलीस चौकीत नोंद होते. तो एमएलसी नंबर लिहून घ्या, कारण पुढे विम्याला, कोर्टाला तोच लागतो.

उपनगरी रुग्णालयातून "वर पाठवतो" म्हणाले तर घाबरू नका, पण तीन गोष्टी मागा: आधी पेशंट स्थिर करा, रेफरलची चिठ्ठी द्या, आणि जिथे पाठवताय तिथे बेड किंवा व्हेंटिलेटर आहे का याचा एक फोन करा. तो फोन डॉक्टरांनी डॉक्टरांना केलेला बरा. डोक्याला मार असेल तर न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालयच लागतं, म्हणजे मुख्यत्वे सायन, केईएम, नायर, जे. जे. भाजलेल्यांसाठी कस्तुरबा, भायखळ्याचं मसीना आणि ऐरोलीचं बर्न्स सेंटर ही नावं लक्षात ठेवा.

ओपीडीचा दिवस

खरी कसोटी इथे लागते, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या रुग्णालयात प्रत्येक विभागाचे युनिट, म्हणजे डॉक्टरांचे गट, असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. काकांना सोमवारी सर्जरीच्या एका युनिटने पाहिलं आणि तुम्ही त्यांना बुधवारी परत घेऊन गेलात, तर समोर वेगळे डॉक्टर बसलेले असणार. ते हाकलत नाहीत, पण पुन्हा पहिल्यापासून विचारतात, नाहीतर "तुमच्या युनिटच्या दिवशी या" म्हणतात. म्हणून पहिल्याच दिवशी केस पेपरच्या कोपऱ्यात युनिटचं नाव आणि वार मोठ्या अक्षरात लिहून घ्या. डॉक्टर लिहीत नसतील तर शेजारच्या सिस्टरना विचारा, त्यांना सगळ्या युनिटचे वार तोंडपाठ असतात.

केस पेपरची खिडकी सकाळी लवकर उघडते आणि दुपारच्या आत बंद होते. आठच्या आधी पोचा. रांग एक नसते: केस पेपरची वेगळी, डॉक्टरांची वेगळी, रक्त द्यायची वेगळी, रिपोर्ट घ्यायची वेगळी, औषधाची वेगळी. दोन माणसं असतील तर एक पेशंटपाशी बसतो, दुसरा रांगा धरतो. एकटेच असाल तर पेशंटला ओपीडीच्या बाकावर बसवून शेजारच्याला "जरा लक्ष ठेवा हं" सांगून जा. मुंबईत हे चालतं, कोणी नाही म्हणत नाही. ज्येष्ठ नागरिक आणि अपंगांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी खिडकी असते, पण पाटी कुठेतरी कोपऱ्यात असते. विचारा.

उपाशीपोटी करायच्या तपासण्या असतील या अंदाजाने काकांना नाश्ता न देता नेणं बरं. पण त्यांना शुगर असेल आणि इन्शुलिन चालू असेल तर उपाशी ठेवून बाकावर बसवू नका, डबा बरोबर ठेवा आणि रक्त दिल्या दिल्या खायला द्या. चक्कर येऊन पडले तर दिवस गेलाच.

हातात एक प्लास्टिकची फाइल हवी. तिच्यात आधी केस पेपर, मग जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे, ताजा सगळ्यात वर. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या फिल्म वेगळ्या पाकिटात. चालू गोळ्यांची नावं सांगत बसू नका, स्ट्रिप्सच घेऊन जा. आणि केस पेपरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकदा तो रिक्षात राहिला की नवीन बनवायला जेवढा वेळ जातो त्याहून जास्त वेळ जुनी हकीकत पुन्हा सांगण्यात जातो.

डॉक्टरांसमोर तुम्हाला चार-पाच मिनिटं मिळणार. त्या वेळेत सुरुवात "काय होतंय" आणि "कधीपासून" या दोन गोष्टींनी करा. "आम्ही आधी खासगीत दाखवलं होतं, त्यांनी असं सांगितलं, मग तिथून..." ही गोष्ट नंतर. काकांच्या बाबतीत पहिलं वाक्य असं हवं: "उजव्या पायाच्या अंगठ्याला दोन महिने जखम आहे, शुगर दहा वर्षं, कालपासून काळी पडतेय." यातलं शेवटचं वाक्य ऐकल्यावर डॉक्टर पुढचं स्वतःच विचारतील.

केस पेपरवरची अक्षरं वाचता आली तर अर्धं काम होतं. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एनबीएम लिहिलं असेल तर तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. हे न कळल्यामुळे नातेवाइकांनी प्रेमाने चहा पाजला आणि ऑपरेशन पुढे गेलं, असं वॉर्डात सर्रास घडतं. सीएसटी म्हणजे आहेत तीच औषधं पुढे चालू.

औषधाच्या खिडकीवर बहुतेक वेळा चिठ्ठीतली काही औषधं मिळतात, काही मिळत नाहीत. जी नसतील त्यांच्यासाठी बाहेरच्या दुकानात जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, "याचं दुसरं, इथे असलेलं काही चालेल का?" पुष्कळदा चालतं. नाहीच चाललं तर जनऔषधीच्या दुकानात नाव दाखवा. रुग्णालयाच्या दारातच कोणी "मी करून देतो" म्हणत पुढे आला, तो पांढऱ्या कपड्यात असला तरी, त्याच्या हातात कागद देऊ नका.

भरती झाल्यावर

वॉर्डात एका पेशंटमागे एकच नातेवाईक, आणि बायकांच्या वॉर्डात बाईच. पास मिळतो, तो सांभाळा. भेटायची वेळ साधारण संध्याकाळची. चादर, ताट, पेला, बादली घरून न्या. जमिनीवर गादी मिळाली म्हणून भांडू नका, कारण त्या दिवशी बेडच नसतो. बेड रिकामा झाला की सिस्टर स्वतःच हलवतात, मात्र अधूनमधून विचारत राहायला हरकत नाही.

वॉर्डात सगळ्यात कामाची माणसं म्हणजे मावशी आणि वॉर्डबॉय मामा. कोणाला कधी कुठे न्यायचंय, एक्स-रेचं मशीन आज चालू आहे की नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळतं. त्यांच्याशी नीट बोला. पैसे मागितले तर मात्र देऊ नका, सिस्टर इन्चार्जना सांगा.

सकाळच्या राउंडला नातेवाईक हजर हवाच. मोठे डॉक्टर त्याच वेळी येतात, आणि ऑपरेशन कधी, डिस्चार्ज कधी, कापावं लागेल का, ही उत्तरं तेव्हाच मिळतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी काय करणार आणि न केल्यास काय होईल हे मराठीत समजावून मागा. डॉक्टर परप्रांतातला असला तर सिस्टर मध्ये बोलतात.

मनाने पेशंट घेऊन जायचा ठरवला तर डामाच्या कागदावर सही घेतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेलं. घाईत ही सही करू नका. हात रिकामा आहे म्हणून नेत असाल तर त्याआधी रुग्णालयातल्याच समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

पैसा

प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. तिथले अधिकारी एमएसडब्ल्यू म्हणून ओळखले जातात. पैशांची अडचण असेल तर पहिल्या दिवशीच त्यांना गाठा. बिल झाल्यावर किंवा बाहेरून महागडं इम्प्लांट आणून झाल्यावर जाऊन फारसा उपयोग नसतो. पालिकेच्या रुग्णालयांत गरीब पेशंटसाठी पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो, तो त्यांच्या शिफारशीने मिळतो. मंदिरांचे आणि खासगी ट्रस्टचे पत्ते, अर्जाचे नमुने त्यांच्याकडेच असतात. सिद्धिविनायक ट्रस्ट वैद्यकीय मदत देतो. लालबागच्या राजाच्या मंडळाचं डायलिसिस केंद्र आहे. राज्याच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही हेच लोक भरून घ्यायला मदत करतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही सगळ्यात मोठी मदत. २०१२ मध्ये मुंबईसह काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. आता केंद्राच्या आयुष्मान भारतसोबत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही त्यात घेतलंय. लागतं ते रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. दोन्हीवरची नावं जुळली पाहिजेत. रेशनकार्डावर "बाळू" आणि आधारवर "बाळकृष्ण" असेल तर तो घोळ भरतीआधीच निस्तरा.

काम कसं चालतं ते बघा. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. त्याच्याकडे कागद द्यायचे, तो नोंद करतो, डॉक्टर उपचाराचा प्रस्ताव पाठवतात, मंजुरी येते, मग उपचार. इमर्जन्सीत उपचार आधी आणि कागद मागून चालतं. ही योजना कॅशलेस आहे. म्हणजे आधी पैसे भरले आणि मग योजनेतून परत मागितले, असं होत नाही. ती ओपीडीच्या औषधांसाठीही नाही, ठरावीक उपचार आणि शस्त्रक्रियांसाठी आहे. विचारायचा नंबर १५५३८८.

आता ट्रस्टची रुग्णालयं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवतात, त्याला आयपीएफ (निर्धन रुग्ण निधी) म्हणतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जा, स्वागतकक्षात न बोलता थेट तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे जा आणि "आयपीएफमध्ये बेड आहे का" असंच विचारा. नुसतं "सवलत आहे का" म्हटलं की "नाही" हे उत्तर तयार असतं. जमलं नाही तर वरळीतलं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे.

रक्ताबद्दल एक. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलच्या पेशंटना सरकारी व्यवस्थेत रक्त मोफत मिळतं, त्यासाठीचं कार्ड बनवून घ्या.

राहायचं कुठे

गावाहून दोघं-तिघं आले की केईएम-टाटासमोरचा फूटपाथ दिसतो. त्याआधी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे चौकशी करा. रुग्णालयाची चिठ्ठी लागते, आणि जागा मर्यादित असते, म्हणून भरतीच्या दिवशीच विचारा.

तक्रार

वॉर्डातली अडचण आधी सिस्टर इन्चार्ज, मग युनिटचे डॉक्टर. तिथे सुटली नाही तर उपनगरी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक, महाविद्यालयीन रुग्णालयात अधिष्ठाता. तक्रार लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. राज्याच्या रुग्णालयाबद्दल 'आपले सरकार' पोर्टलवरही टाकता येते. रागात मोबाइल काढून व्हिडिओ करणाऱ्याचं काम अडकतं आणि त्याच्यासोबत शेजारच्या पेशंटचंही. पोच घेतलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. पेशंटची वैद्यकीय कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या.

डिस्चार्ज

घरी जायच्या आनंदात लोक डिस्चार्ज कार्ड न वाचताच घडी करून खिशात घालतात. तिथेच उभं राहून बघा: नाव, वय आणि आडनाव आधारप्रमाणे आहे का, निदान लिहिलंय का, केलेल्या ऑपरेशनची तारीख आहे का, आणि पुन्हा कधी, कोणत्या युनिटला यायचं ते आहे का. ड्रेसिंग किती दिवसांनी आणि कुठे करायचं हे विचारून घ्या. काकांच्या पायाचं ड्रेसिंग गावच्या आरोग्य केंद्रात होऊ शकत असेल तर तसं कार्डावरच लिहून मागा, म्हणजे दर आठवड्याला मुंबई गाठावी लागणार नाही. योजनेतून उपचार झाले असतील तर आरोग्यमित्राची सही राहिली नाही ना, तेही बघा. नावातली चूक असेल तर वॉर्ड सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्या. नंतर त्याच चुकीसाठी रेकॉर्ड विभागात अर्ज आणि पुन्हा रांग.